आधी बसायला शीक

भाग्यलक्ष्मीने फेकलेला गोळा आखलेली शेवटची रेघ ओलांडून थेट मुख्याध्यापकांच्या स्कूटरपाशी जाऊन आदळला, तेव्हा पाळीच्या हायस्कुलात पहिल्यांदा कुणीतरी तिचं पूर्ण नाव विचारलं. तोवर ती नुसती भागी होती, नाहीतर 'ती घाट्यांची'. आईबाप बेळगाव जिल्ह्यातले, खानापूरकडचे. बाप परशुराम गवंडी, आणि आई गंगा त्याच्या हाताखाली डोक्यावरून चिरे वाहायची. गोवा वेगळं राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि खाणीच्या पट्ट्यात ट्रकवाल्यांची नवी नवी घरं उठत होती, त्यामुळे गंगेच्या डोक्याला उसंत नव्हती. भागी शाळेत मराठी शिकायची, बाजारात कोंकणी बोलायची आणि घरी बेळगावी बोलीत भांडायची. तिन्हीकडे लोक विचारायचे, 'तू खंयची गो?' आणि तिन्हीकडे ती 'पाळीची' म्हणून ठणकावून सांगायची, कुणाला पटो न पटो.

नाव विचारलं ते कमलाक्षी मॅडमनी. त्या शाळेच्या पीटीच्या बाई, पेडण्यातल्या मांद्र्याच्या. चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली मुलंही शर्ट आत खोचायची. त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नसे. कॉलेजात असताना त्या भालाफेक करायच्या. खांदा मोकळा फिरतो की नाही हे कुणी पाहिलं नाही, 'ताकद वाढव, ताकद वाढव' एवढंच सगळे म्हणत राहिले. ताकद वाढली आणि त्याच ताकदीने एका सकाळी खांदा निकामी झाला. तेव्हापासून त्या फळ्यावरच्या वरच्या ओळी डाव्या हाताने लिहायच्या.

"वजनं उचलशील?" त्यांनी भागीला विचारलं. "मुलींच्याही स्पर्धा निघाल्यात आता."

"उचलीन की. कुठायत?"

"आधी बस."

भागी बाकावर बसायला निघाली.

"तिथे नाही. इथे. खाली, उकिडवी. पाय जमिनीला पुरे टेकवून."

यात काय ते, असं म्हणत भागी बसली. मॅडम तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, अगदी सहज, मासळी निवडायला बसावं तशा.

"डावी टाच उचलली तुझी. आणि उजवा गुडघा बघ, आत पडतोय. लहान भावंडाला कडेवर घेऊन हिंडायचीस काय गो?"

"अजून हिंडते."

"डाव्या कडेवर."

 हिला कसं कळलं, हे भागीला समजेना आणि आवडलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिची तालीम सुरू झाली आणि त्या तालमीत वजन म्हणून नव्हतंच. शाळेच्या पाठीमागच्या खोलीत गंजलेली दांडी आणि लोखंडी चकत्या होत्या, पण मॅडमनी त्यांना हातही लावू दिला नाही. भागीच्या हातात दिला नळाचा एक रिकामा पाइप. तो डोक्यावर धरून बसायचं आणि उठायचं. पाठीला उभा लावून कमरेतून वाकायचं, आणि वाकताना डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही पाइपला टेकलेलीच राहिली पाहिजेत. जरा सुटलं की पुन्हा. दर शनिवारी घोट्यांची हालचाल, कमरेची हालचाल, एका पायावर उभं राहून दुसऱ्याने हवेत गोल काढणं. शाळा सुटून घरी जाणाऱ्या मुली जनेलाच्या गजांतून बघायच्या आणि खिदळायच्या. तिला त्यांनी 'पायपवाली' नाव ठेवलं.

"मॅडम, मी घरात तांदळाचं पोतं एकटी उचलते," एकदा ती चिडून म्हणाली. "हा पाइप काय मी करंगळीने फिरवीन."

"फिरव. पण नीट बसून फिरव." रागावल्या की मॅडम शाळेतलं मराठी सोडून आपल्या पेडण्याच्या बोलीवर यायच्या. "तुझ्या अंगात जोर आसा, ता माका दिसता. पण तू सगळा हातांनी ओढतंस. पाय खंय गेले तुझे? जोर जमिनीतून वर यायचो असता. वाटेत गुडघो वाकडो असलो, कंबर आखडलेली असली, तर तो जोर तिथेच फुटता. मग हाडा फोडता, शिरा फोडता. आधी वाट सरळ कर, मग हवा तेवढा वजन घाल."

भागीला ते ऐकू येत होतं, पण पटत नव्हतं. वजन उचलायला आलेल्या माणसाने वजन उचलायचं नाही, हा कसला न्याय?

अशात श्रीनाथ सर पाळीला आले. राज्याच्या मुलींच्या संघाची तयारी त्यांच्याकडे होती आणि डिचोलीत एका हॉलमध्ये ते तालीम घ्यायचे. माणूस वाईट नव्हता. मुलींनी वजनं उचलायची म्हटल्यावर नाकं मुरडणाऱ्या कितीतरी लोकांशी ते भांडले होते, आपल्या मुलींना स्वतः अंडी उकडून खायला घालायचे. पण त्यांना घाई होती. राज्य लहान, मुली थोड्या, आणि राष्ट्रीय स्पर्धेत गोव्याच्या नावापुढे काहीतरी लागलं पाहिजे, ही त्यांची रात्रंदिवस चालणारी तगमग. त्यांनी शाळेतल्या त्या गंजक्या दांडीला सापडतील तेवढ्या चकत्या लावल्या आणि भागीला म्हणाले, "उखल पळोवया."

भागीने मॅडमकडे बघितलंच नाही. दांडी धरली, छातीवर घेतली आणि डोक्यावर नेली. पाठ कमानीसारखी वाकली, पाय लटपटले, पण वजन वर गेलं. बघणाऱ्या पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी शिटी मारली. भागीला वाटलं, पाइप धरून घालवलेले ते सगळे महिने आज कुठे वसूल झाले.

"ही सैमाची, निसर्गाची देणगी!" सर म्हणाले. "हिला शिकवायचं काय राहिलंय?"

"बसायला शिकवायचं राहिलंय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, वजन बसून उचलत नाहीत."

"बसूनच उचलतात, सर. वर गेलेलं तुम्ही बघता. मी खालचं बघते."

भागी डिचोलीला जायला लागली. जाताना मॅडमनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तिथे मोठा आरसा आहे म्हणतात. वजन घालण्याआधी एकदा त्याच्यासमोर बस आणि स्वतःचा गुडघा स्वतः बघ. मग कुणाचं ऐकायचं ते तुझं तू ठरव." भागीने मान हलवली आणि बस पकडली. आपण मॅडमना पाठ दाखवून चाललोय याचं तिला वाईट वाटत नव्हतं. उलट छाती फुगली होती.

डिचोलीच्या हॉलात सगळं होतं. नवी दांडी, रबरी चकत्या, हाताला लावायची पांढरी पूड, उंच टाचांचे खास बूट. सर रोज थोडं वजन चढवायचे आणि भागी रोज ते उचलायची. दंड भरले, मांड्या भरल्या, शाळेचा युनिफॉर्म खांद्यात उसवला. सरांनी परशुरामला बोलावून सांगितलं, पोरगी राष्ट्रीय स्पर्धेला गेली की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसांत लागेल. परशुराम त्या दिवशी कामावर गेला तो मालकासकट सगळ्यांना ते सांगत सुटला. त्याच्या घराण्यात सरकारी नोकरी कुणी बघितली नव्हती.

मग गुडघा दुखायला लागला. आधी तालीम झाल्यावर, मग तालीम चालू असताना, मग बसची पायरी चढताना. शेवटी एकदा भागी आरशासमोर उभी राहिली आणि दांडी खांद्यावर घेऊन खाली बसली. उठताना उजवा गुडघा आत गेला, दार ढकलावं तसा. तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा गेला. आता त्याच्यावर नुसतं तिचं अंग नव्हतं, वर लोखंड होतं.

"सर, गुडघा आत पडतो," ती म्हणाली. "थोडे दिवस वजन कमी करून नीट बसायची तालीम करू?"

सर दुसऱ्या मुलीच्या दांडीला चकत्या लावत होते. त्यांनी मान वर न करताच उत्तर दिलं. "निवड तोंडावर आली आणि तू खाली बसायला शिकणार? अगो, तुम्ही घाटी लोक जन्मापासून ओझी वाहणारे. तुझ्या आईला चिरे उचलायला कुणी शिकवलं होतं? उचलतेच ना?"

ते रागाने बोलले नव्हते. कौतुकानेच बोलले होते, आणि तेच भागीच्या डोक्यात अडकून राहिलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ती आईबापाचा डबा घेऊन सुर्ल्याला गेली. तिथे एका ट्रकमालकाचा बंगला उठत होता. डबा ठेवून ती सावलीत थांबली. आई चिऱ्यांच्या ढिगापाशी उभी होती. एक गडी तिच्या डोक्यावर चिरा ठेवत होता, आणि ती तो घेऊन फळीवरून वर जात होती. वर गेली की कमरेत पिळून डाव्या बाजूला टाकायची. प्रत्येक वेळी डाव्याच बाजूला. खाली उतरताना हात कमरेवर.

बांबूच्या पहाडावरून परशुरामने हाक मारली, "गंगे, पाणी आण."

गंगेने वर बघितलं नाही. तिने अख्खं अंग मागे झुकवलं, तेव्हा कुठे तिचे डोळे नवऱ्यापर्यंत पोचले. मान वर होतच नव्हती. भागीने हे हजारदा बघितलं असेल. आई अशीच बघते, एवढंच तिला ठाऊक होतं. आईची मान कधीतरी वर व्हायची, तीही लहानपणी झाडावरच्या कैऱ्या बघत उभी राहिली असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

आईला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. ती उचलते म्हणून सगळे तिच्या डोक्यावर ठेवत गेले.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, मान कवापासनं अशी?"

"कसली मान?" गंगा भाकरी थापत म्हणाली. "बरी हाय की."

निवडीच्या दिवशी डिचोलीचा हॉल भरला होता. राज्याच्या वेटलिफ्टिंग संघटनेची माणसं पुढे कदेलांवर पाठ टेकून, मागे बाकांवर मुलींची घरची माणसं. परशुराम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, गंगा नवं लुगडं नेसून. कमलाक्षी मॅडम आल्या नव्हत्या. भागीने स्नॅचमध्ये, म्हणजे दांडी एका दमात थेट डोक्यावर नेण्यात, सगळ्यांना मागे टाकलं. क्लीन अँड जर्कचे, आधी छातीवर आणि मग डोक्यावर नेण्याचे, तीनपैकी दोन प्रयत्नही पार पडले, पण दुसऱ्यात वजन छातीवर घेऊन खालून उठताना गुडघा इतका आत गेला की तिच्या तोंडून आवाज निघाला. टाळ्यांमध्ये तो कुणाला ऐकू आला नाही. तिचं नाव पहिलं लागलं होतं, तिथेच थांबली असती तरी पुरे होतं.

पण सरांना विक्रम हवा होता. पुढे पाहुणे बसले होते, एक वार्ताहर आला होता. त्यांनी जाऊन वजन वाढवायला सांगितलं. किती ते भागीने चकत्यांवरून ओळखलं. इतकं तिने तालमीतही उचललं नव्हतं.

नाव पुकारलं. भागी चौथऱ्यावर गेली, हाताला पूड लावली, वाकून दांडी धरली. आजूबाजूने आरडाओरडा सुरू झाला, "उखल! उखल गो!" दांडी हातात होती आणि तिला आतून नीट समजत होतं, हे वर येईल. ओढून, ताणून, कसंही करून छातीपर्यंत येईल. आणि मग खाली गेल्यावर तो गुडघा तिचा राहणार नाही.

तिने बोटं सोडली. सरळ उभी राहिली आणि एक पाऊल मागे आली.

"कितें जालें?" सर चौथऱ्याच्या कडेला धावले. "वेळ चालू आहे. उखल!"

"नाही उचलणार."

"भियेलीस?"

"नाही. मला या वजनाखाली नीट बसता येत नाही. गुडघा आत पडतोय."

"आता ही वेळ गुडघा बघायची?" सरांचा आवाज चढला. हॉल एव्हाना गप्प झाला होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं. "तुझी आई आयुष्यभर चिरे उचलते, तिचा गुडघा कोण बघत बसला?"

"कुणी बघितला नाही," भागी म्हणाली. "म्हणून माझा मी बघतेय."

घंटा वाजली. वेळ संपली होती. दांडी होती तिथेच पडून राहिली.

सर मागे वळले आणि पुटपुटले, पण पुटपुटणं त्यांना जमायचं नाही. "घाटी ती घाटीच."

"हो, घाटीच," भागीने चौथऱ्यावरूनच सांगितलं.  "घाटी आहे, पाळीची आहे. पण तुमची हमाल नाही."

संघटनेतला एक जाडसर गृहस्थ उठून तिच्या आईबापाकडे गेला आणि पोरीला समजवा म्हणून सांगू लागला.  गंगा उभी राहिली. एवढ्या माणसांत ती कधी बोलली नव्हती.

"पोरगी नको म्हणाली न्हवं?" तिने विचारलं. "मग कशाला वरडालाय? मलाबी कधीतरी नको म्हणायचं होतं. म्हटलं न्हाई."

शिस्तभंग म्हणून भागीचं नाव संघातून कापलं. पहिली आली होती तरी. दुसरी आलेली मांद्र्याची सेजल संघात गेली. परशुराम पुरता खचला. नोकरी हातातोंडाशी आली होती आणि पोरीने लाथाडली, एवढंच त्याला दिसत होतं. कितीतरी दिवस तो जेवताना ताट पुढे सरकवायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. वस्तीतले लोक हसायचे ते वेगळंच. वजन उचलायला गेली आणि वजन बघून पळाली, म्हणे.

भागी शाळेत गेली. मैदानावर मॅडम छोट्या मुलींना कवायत शिकवत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, पण त्यांनी शाबासकी दिली नाही की जवळ घेतलं नाही.

"आलीस?"

"आले."

"गुडघा सुजलाय काय?"

"हो."

"मग उतरेपर्यंत घरी बस. उतरला की ये. पहिल्यापासून सुरू करायचं. पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून. जमेल?"

"जमेल. पण पुढच्या निवडीला मी उतरणार."

"ते श्रीनाथ तुला उभी करणार नाहीत."

"मी त्यांना विचारणार नाही," भागी म्हणाली.

मॅडमच्या तोंडावर पहिल्यांदा हसू उमटलं.

तेव्हापासून भागीने जी तालीम केली तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. बसणं, उठणं, वाकणं, श्वास पोटात भरून धरणं. फरक एवढाच की आधी ती चुकीसाठी मॅडमकडे बघायची, आता मॅडमनी सांगायच्या आत तिला स्वतःला कळायचं. डावा घोटा आखडलाय. कंबर उजवीकडे पळतेय. श्वास सुटला. आपल्या अंगात इतकं काही चालू असतं आणि आपण इतकी वर्षं त्यात भाडेकरूसारखे राहिलो, असं तिला वाटायचं. धाकट्या भावाला तिने कडेवर घेणं बंद केलं. तो रडला, मग चालायला लागला.

मे महिन्यात मॅडम तिला मांद्र्याला आपल्या घरी घेऊन गेल्या. सकाळी पाववाला पोदेर यायचा, त्याचे उंडे आणि चहा झाला की दोघी किनाऱ्यावर. भिजलेल्या वाळूवरून अनवाणी चालायचं आणि मागे वळून पावलं बघायची. पहिल्या दिवशी उजवं पाऊल बाहेर फेकलेलं आणि डाव्याची टाच उथळ होती. महिना संपेपर्यंत दोन्ही सारखी उमटू लागली. एकदा रापणीचं मोठं जाळं ओढायला माणसं कमी पडली तेव्हा भागी घुसली दोरीला. तिने सवयीने हाताने हिसका दिला, तर शेजारची बाई हसली. मग भागीने टाचा वाळूत रोवल्या, कंबर खाली घेतली आणि नुसतं अंग मागे टाकलं. दोर आला. हात नुसते धरून होते.

"कळलं?" मॅडम वरून ओरडल्या.

"कळलं!" भागीही ओरडली. अंगभर वाळू आणि मासळीचा वास, आणि ती का हसतेय हे तिलाच कळेना.

पावसाळा सरल्यावर मॅडमनी दांडीला पहिल्या चकत्या लावल्या. अगदी लहान. भागीला वाटलं होतं की आनंद होईल. तसं काही झालं नाही. ती बसली, उठली, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले, आणि तिने शांतपणे सांगितलं, "अजून घाला."

निवडीला उतरायचं तर कुठल्यातरी मंडळाचं नाव लागायचं. मॅडमनी शाळेच्या माजी विद्यार्थिनींचं मंडळ उभं केलं आणि पणजीला जाऊन संघटनेच्या कचेरीत ठाण मांडलं. साहेब जेवायला गेले आहेत, असं सांगितलं की त्या म्हणायच्या, "जेवू द्या. मी बसते. बसायची मला सवय आहे." खुली निवड म्हणता तर दार उघडा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शेवटी कंटाळून उघडलं.

त्याच हॉलात भागी पुन्हा उभी राहिली. सेजल नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेहून ती पाठीचं दुखणं घेऊन आली होती आणि आता घरच्या गेस्टहाऊसचं बघत होती. भागीला तिचं वाईट वाटलं. त्या दोघींत वैर कधीच नव्हतं. श्रीनाथ सर नव्या दोन मुली घेऊन आले होते. त्यांनी भागीकडे बघितलं आणि मान फिरवली.

क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नाला मॅडमनी जे वजन मागितलं, ते ऐकून मागे कुजबूज झाली. तेच वजन, जे तिने सोडून दिलं होतं.

भागीने दांडी धरली. पाय जमिनीत रुतल्यासारखे वाटले. ओढलं म्हणावं असं काही तिला करावंच लागलं नाही. तिने जमीन खाली ढकलली आणि दांडी वर आली. ती खाली गेली, पूर्ण खाली, टाचा टेकलेल्या, आणि तिथे क्षणभर बसली. वजन भलतंच होतं. पण बसायला जागा होती. मग ती उठली, दोन्ही गुडघे आपापल्या वाटेने. श्वास भरला आणि डोक्यावर नेलं. हात ताठ, पाय ताठ. तिन्ही पंचांनी मान्य म्हणून पांढरे दिवे लावले.

चौथऱ्यावरून उतरताना श्रीनाथ सर तिला आडवे आले. रागात नव्हते. हळहळत होते. "बघ गो. मी तेव्हाच म्हणत होतो, येईल तुला. गेल्या वर्षीच उचललं असतंस."

"उचललं असतं, सर," भागी म्हणाली. "पण या वर्षी उचललं नसतं."

सरांना ते पटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. आणि भागीला जाणवलं की आपल्याला त्यांना पटवायचं नाहीये.

संघात तिची जागा नक्की झाली होती. एक प्रयत्न शिल्लक होता. मॅडम पाण्याची बाटली पुढे करत म्हणाल्या, "झालं. आता नाही उचललंस तरी चालेल."

"गुडघा बरा आहे," भागी म्हणाली. "कंबर बरी आहे. वाढवा."

"किती?"

तिने सांगितलं. मॅडमनी तिच्याकडे रोखून बघितलं, मग जाऊन वजन सांगून आल्या. परशुराम मागच्या बाकावर बसला होता. तो आजही आला होता, शर्ट मात्र कामावरचाच होता. त्याने शेजारच्या माणसाला अभिमानाने की काळजीने, काहीतरी सांगितलं.

वजन छातीवर आलं. खाली जाऊन ती उठलीही. डोक्यावर नेताना मात्र दांडी पुढे गेली आणि भागीला कळलं की हे आज होणार नाही. तिने ओढाताण केली नाही. हात सोडले, एक पाऊल मागे घेतलं आणि दांडी तिच्यापुढे धाडकन आदळली. हॉल दणाणला. लाल दिवे लागले.

मागच्या बाकांवरून गंगेचा आवाज आला, "लागलं न्हाई न्हवं गं?"

"नाही आई," भागी चौथऱ्यावरूनच हसून ओरडली. "काही लागलं नाही. पुढच्या खेपेला येतंय हे."